मासा मेला, बला टळली?

घरातल्या टाकीतला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे. ‘बला आली थी, मछली पे गई.’ मुस्लिम घरात बला म्हणतात, शेजारच्या घरात संकट किंवा नजर म्हणतात, वास्तुवाला तर टाकी कोणत्या कोपऱ्यात ठेवायची तेही सांगून जातो. एरवी कशावरच एकमत न होणारे शेजारी या एका बाबतीत एका सुरात बोलतात. मेलेला मासा कुंडीत पुरला जातो, दुकानातून नवा आणला जातो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एक बला टळते.

माझं म्हणणं असं की त्या टाकीत बला वगैरे काही नव्हती. अमोनिया होता.

हा विषय काहींना किरकोळ वाटेल. पाण्यासाठी रांगा लावणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात मासे पाळण्याच्या हौसेवर लेख कशाला, असंही कुणी म्हणेल. पण मला हा विषय नेमका पाण्यामुळेच महत्त्वाचा वाटतो. काचेच्या त्या चार भिंतींत जे घडतं, तेच आपल्या विहिरीत आणि बोअरमध्ये घडतं आहे. फरक इतकाच की टाकीतलं आठ दिवसांत दिसतं, विहिरीतलं दिसायला वर्षं लागतात.

आधी माशाचं बोलू. खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा, कुठल्याही गावात मासे विकणारं एखादं दुकान सापडतं. तिथे गोल्डफिशच्या खालोखाल हमखास दिसतो तो टायगर बार्ब. पिवळसर अंगावर चार काळे उभे पट्टे, परांना लाल कडा, आणि क्षणभर स्वस्थ न बसणारा स्वभाव. लेकरं बोट दाखवतात ते यालाच. मूळचा सुमात्रा-बोर्निओकडचा. डच सरकारच्या नोकरीतला डॉक्टर ब्लीकर याने १८५५ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. आज मात्र आपल्याकडे विकला जाणारा टायगर बार्ब जंगलातून येत नाही. चेन्नईजवळच्या कोलातूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास त्याची पैदास होते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून तो आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे दुकानात पिशवी उघडेपर्यंतच बिचाऱ्याने दोन-तीन पाणी बदललेली असतात. मग आपण त्याला घरी नेऊन चौथ्या पाण्यात टाकतो. तेही बहुतेक वेळा एकट्याला किंवा जोडीने, वाटीएवढ्या गोल भांड्यात. ‘जोडी द्या’ हे आपलं ठरलेलं मागणं. पोपटाची जोडी, कबुतराची जोडी, तशी माशाची जोडी.

बार्ब जोडीने राहणारा मासा नाही, तो थव्यात राहतो. सहा-आठ असतील तर ते आपापसांत पाठलाग करतात, मोठा-धाकटा ठरवतात आणि त्यातच रमतात. दोनच असले की दुबळ्याची खैर नसते. शेजारी गप्पी, एंजल किंवा फायटरसारखे लांब परांचे संथ मासे असले की टायगर बार्ब त्यांचे पर कुरतडतो. मग लोक म्हणतात, हा मासा भांडखोर आहे. एखाद्या पोराला दिवसभर एका खोलीत कोंडून ठेवा आणि संध्याकाळी म्हणा की हा चिडका आहे, त्यातला हा प्रकार.

आता अमोनियाचं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. कल्ल्यांतूनही तो अमोनिया सोडत असतो. वाहत्या नदीत ते वाहून जातं, पातळ होतं. टाकीत ते साठतं आणि कल्ले जाळतं. ते खाऊन टाकणारे जिवाणू निसर्गात आहेत. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट करते. पहिली दोन विषारी, तिसरं त्यामानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर जास्त वसतात. त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? रविवारी टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी दहा मासे सोडले, वर चिमूट चिमूट दाणे टाकत राहिलो. आठव्या-दहाव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. घाबरून आपण टाकी रिकामी करतो, स्पंज साबणाने धुतो, वाळू उन्हात वाळवतो. जे थोडेफार जिवाणू बसले होते तेही गेले. पुन्हा पहिल्यापासून. बला येते ती अशी, आपल्याच हाताने, बादलीतून.

घरच्या बायकांना हे समजावणं सोपं जातं, कारण त्यांना विरजण माहीत असतं. दुधात नुसतं ताक ओतून पाच मिनिटांत दही मागायचं नसतं. टाकीही अशीच मुरू द्यावी लागते. कुणाच्या जुन्या, चालत्या टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर तो आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. तेच विरजण. पहिला महिना मासे नाहीत, पाणी फिरतं आहे, एवढंच. हा महिना लेकरांना कठीण जातो, बापांना त्याहून कठीण जातो.

नळाला पाणी आलं त्या दिवशी ते थेट टाकीत ओतायचं नाही, हे दुसरं. क्लोरीन माशाचे कल्ले आणि ते जिवाणू दोन्ही मारतं. बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की बहुतांश क्लोरीन उडून जातं, नाहीतर दुकानात मिळणारे थायोसल्फेटचे थेंब किंवा खडे टाकायचे. आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा-दोनदा येतो, त्यामुळे साठवून ठेवलेलं पाणी घरात असतंच. टंचाईचा हा एकमेव फायदा मला आजवर सापडला आहे.

इथवर जे लिहिलं ते कुठल्याही गावाला लागू आहे. आता आपल्या जिल्ह्याचं.

बुलढाण्यात माणसं दोन प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. पाणीही तसंच दोन प्रकारचं. घाटावरची पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातात. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. एकाच जिल्ह्यात पडलेल्या पावसाचे दोन समुद्र. त्यातच लोणार. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास, बार्बला मानवणारा साडेसहा ते आठ. त्याच विवराच्या काठावर मात्र गोड्या पाण्याची धार पडते. आणि घाटाखाली पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातली कित्येक गावं त्यात येतात. तिथल्या विहिरीचं पाणी साबणाला फेस येऊ देत नाही आणि डाळ शिजू देत नाही.

तेव्हा ‘टायगर बार्बला कोणतं पाणी लागतं’ या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर आपल्याकडे निम्मंच कामाचं. सुमात्रातला हा मासा मऊ पाण्याचा. पैदास केलेले मासे बरंच सोसतात हे खरं, पण चेन्नईच्या पाण्यातून खारपाणाच्या बोअरमध्ये तासाभरात टाकलेला मासा सोसत नाही. दोन-अडीचशे रुपयांचं टीडीएस मीटर घ्या. पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. पिशवीतल्या पाण्याचा आकडा आणि घरच्या पाण्याचा आकडा यांत फार अंतर असेल तर तास-दोन तास थोडं थोडं पाणी मिसळत माशाला सवय करावी लागते. आणि घरचा आकडाच हजाराच्या पुढे असेल तर मऊ पाण्याच्या माशाचा नाद सोडावा, किंवा पावसाळ्यात छपराचं पाणी साठवून ते मिसळावं.

हे मीटर ज्या घरात येतं तिथे पुढे काय होतं ते मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. पोरगं आधी टाकीत बुडवतं. मग माठात. मग मशिदीच्या वुजूखान्यात, शाळेच्या टाकीत, मामूच्या शेतातल्या विहिरीत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. खारपाणातल्या काही विहिरी त्याही पलीकडे जातात. पोरगं आकडा वाचतं आणि विचारतं, ‘अब्बा, हे माशाला चालत नाही तर आपल्याला कसं चालतं?’

या प्रश्नाला उत्तर नाही. निदान ज्यांनी द्यायला हवं त्यांच्याकडून आलेलं नाही. संग्रामपूर-जळगाव जामोदकडची मूत्रपिंडाच्या आजाराने माणसं गमावलेली गावं वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले तेव्हा टीव्हीवाल्यांनी ‘टक्कल व्हायरस’ म्हणून मजा करून घेतली. पहिला संशय पाण्यावर आला, नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त असल्याच्या बातम्या आल्या. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस कशाने गेले हा वाद बाजूला ठेवू. पण त्या निमित्ताने पाणी तपासलं गेलं, एरवी ते कोण तपासतं?

नायट्रेट हा शब्द वर येऊन गेला आहे, टाकीच्या संदर्भात. मासे पाळणारे त्याची पट्टी ठेवतात. पाण्यात बुडवली की रंग बदलतो. आकडा चाळीसच्या आसपास गेला की पाणी बदला, असं कुठलाही जाणता मत्स्यपाळ सांगेल. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशातली मर्यादा आहे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. म्हणजे माशाचं पाणी आपण जिथे ओतून देतो, तिथेच माणसाच्या पाण्याची हद्द संपते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित अशा देशातल्या पंधरा जिल्ह्यांत बुलढाण्याचं नाव आहे. सोबत वर्धा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड, नांदेड. पंधरातले सात आपल्या महाराष्ट्राचे. हे नायट्रेट येतं कुठून? युरियातून, गुराढोरांच्या आणि माणसांच्या मैल्यातून. थोडक्यात, टाकीत दाणे जास्त पडले की जे होतं तेच. आणि टाकीतल्या माशाचं रक्त नायट्राइटने तपकिरी होऊन त्याला पाण्यात असूनही ऑक्सिजन मिळेनासा होतो, तसंच तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि बाळ निळं पडतं. रसायन एकच आहे. तिथे ‘बला टळली’ म्हणायला जीभ वळत नाही, पण ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून आपण गप्प बसतोच. मर्जीवर माझं ईमान आहे, पण पट्टी न बुडवता मर्जीचं नाव घेणं मला पटत नाही.

‘पाण्याची नासाडी’ हा आक्षेप आता घेतो, कारण तो मला अनेकांनी ऐकवला आहे. शंभर लिटरच्या टाकीत आठवड्याला पंचवीस लिटर पाणी बदलावं लागतं. दीड बादली. ते पाणी गटारात ओतलं तर आक्षेप खरा. पण त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. गुलाबाला, कढीपत्त्याला, परसातल्या वांग्याला घाला आणि फरक पाहा. आणि ज्या घरातून हा आक्षेप येतो तिथे ओट्याच्या वर आरओ लटकलेला असतो. तो एक लिटर गाळताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो आणि त्यावर कुणी बोलत नाही.

आता माझा खरा आग्रह. मला टायगर बार्बपेक्षा आपला बार्ब घरात हवा आहे.

आपल्या ओढ्यानाल्यांत बार्बच्या कुळातले मासे आहेत हे दुकानात जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं. त्यातला माझा आवडता टिक्टो. बोटभर लांबीचा, चांदीच्या रंगाचा, कल्ल्यामागे एक काळा ठिपका आणि शेपटीजवळ दुसरा. तापी आणि गोदावरी, दोन्ही खोऱ्यांत सापडतो. म्हणजे घाटावर आणि घाटाखाली. फ्रान्सिस हॅमिल्टन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली, आणि नाव ठेवताना बंगालच्या कोळ्यांच्या तोंडचे शब्द उचलले. बंगालीत या माशाला ‘तित पुंटी’ म्हणतात, त्यातलं ‘तित’ टिक्टोत राहिलं. याच माशाच्या चुलतभावाला, ज्याला जगभर रोझी बार्ब म्हणतात, त्याने ‘कोंकोनियस’ म्हटलं. ते म्हणजे बंगालीतलं ‘कांचन पुंटी’. आपला मराठी कांचन. लॅटिन नावं उच्चारताना आपली जीभ अडखळते, आणि त्या नावात आपलाच सोन्याचा दागिना लपलेला असतो.

टिक्टो दुकानात क्वचित मिळतो. मिळाला तरी खात्री नसते. ब्रह्मदेशातला एक लाल पट्ट्याचा बार्ब जगभर कित्येक वर्षं टिक्टोच्या नावाने विकला गेला. सत्तरच्या दशकात तो प्रथम युक्रेनच्या ओडेसा शहरात दिसला म्हणून हौशी लोक त्याला ओडेसा बार्ब म्हणू लागले. तो वेगळ्या जातीचा आहे हे शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं २००८ मध्ये. तेव्हा दुकानदार छातीठोकपणे ‘टिक्टो’ म्हणाला तरी ठिपके मोजावेत.

टिक्टो मिळतो भोयांकडे. धरणावर, तलावावर जाळं टाकलं की रोहू-कटल्याबरोबर ही बारीक मासळी येते. तिला भाव नसतो, ती सुकवली जाते किंवा ढीग लावून विकली जाते. तलावाच्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा आपण आपलंच जाळं घेऊन उतरणं बरोबर नाही. त्यांना विचारावं, पैसे द्यावेत, सकाळी लवकर जावं, झाकणाच्या बादलीत आठ-दहा जिवंत मासे आणावेत. सोबत भोयाच्या तोंडून नावं ऐकावीत. कुठल्या महिन्यात कुठला मासा चढतो, कुठला डोह मे महिन्यातही आटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. आपल्या मोहल्ल्यातली पोरं व्हेलबद्दल धडाधड बोलतात, पण खडकपूर्णेतल्या माशाचं एक नाव त्यांना येत नाही. नदी म्हणजे त्यांना पुलावरून दिसणारी वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग.

आणलेले मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मग टाकीत घ्यावेत. टाकी तीन फुटांची असली तर उत्तम, अडीच फुटांखाली नको. वर झाकण हवं, कारण बार्ब उडी मारतो. खायला निवडानिवड नाही. डासांच्या अळ्या, दुकानी दाणे, उकडलेल्या पालकाचा तुकडा, सगळं चालतं. नर पावसाळ्याच्या सुमारास रंगात येतो, अंगावर तांबूस झाक चढते. मादी पाणवनस्पतींत अंडी उधळते, आणि नंतर दोघंही तीच अंडी खातात. हे पाहून मुलं हादरतात. हादरू द्यावं.

आपल्याकडे खरी परीक्षा उन्हाळ्याची. बुलढाणा गाव घाटावर, तिथे निभतं. मलकापूर-नांदुऱ्याला पारा ४४ च्या पुढे जातो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, पस्तीसला सातच. माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढलेली असते. त्यात दुपारची वीज गेली की हवेचा पंप बंद. टाकीच्या मागच्या बाजूला ओलं गोणपाट, पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा, दाणे निम्मे, आणि वीज गेल्यावर तांब्याने पाणी उचलून वरून धार सोडायची. टिक्टो इथल्या उन्हाळ्याचाच मासा, तो सुमात्रावाल्यापेक्षा अधिक टिकाव धरतो असं माझं निरीक्षण आहे.

स्थानिक मासा म्हणून उद्या कुणी पोत्याने उपसून शहरात विकायला निघाला तर ते मला नको आहे. केरळच्या नद्यांतल्या डेनिसन बार्बचं, ज्याला व्यापारी ‘मिस केरळ’ म्हणतात, तेच झालं. नव्वदच्या दशकात परदेशी बाजारात तो गाजला, मग इतका पकडला गेला की २००८ मध्ये केरळ सरकारला त्यावर बंधनं आणावी लागली. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. दुसरीकडे तारापोरवाला मत्स्यालयाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या छापगरांनी साने यांच्यासोबत १९९२ मध्ये पश्चिम घाटातल्या एका नव्या बार्बची नोंद केली. माशांच्या टाक्यांपुढे उभं राहणाऱ्या डोळ्यांनी केलेलं हे काम. म्हणजे हौस नदीच्या बाजूनेही उभी राहू शकते. आठ-दहा मासे आणि विक्री शून्य, ही रेघ मला पुरेशी वाटते.

आणि एक काम कधीच करू नये. पाळलेला मासा नदीत किंवा धरणात सोडू नये. आपल्याकडे हे पुण्याचं समजलं जातं. बदली झाली, टाकी मोडायची आहे, चला मासे नळगंगेला सोडू, जिवाला आझाद केल्याचा सवाब मिळेल. त्या सवाबात उजनीच्या जलाशयात आज दक्षिण अमेरिकेतला काच चाटणारा सकर मासा जाळ्यांत येतो. काटेरी, खायला निरुपयोगी, जाळं फाडणारा. धरणातल्या कोळ्याच्या पोटावर तो आला, तो कुणाच्या तरी दिवाणखान्यातून. गप्पी मासे तर डासांसाठी आरोग्य विभागच डबक्यांत सोडत आला आहे. तेही दक्षिण अमेरिकेचेच. बंद हौदात, विहिरीत ठीक, पण वाहत्या ओढ्यात जिथे टिक्टो आधीच अळ्या खात होता तिथे त्यांची गरज काय होती, असं मला विचारावंसं वाटतं. टिक्टोसुद्धा एकदा घरी आणला की परत सोडायचा नाही, कारण दुकानी माशांचा रोग तो सोबत नेईल. आणला म्हणजे आयुष्यभरासाठी. तीन-चार वर्षं.

काही वाचक विचारतील की आपल्या दीनमध्ये जीव असा कोंडून ठेवणं बसतं का. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अबू उमैर नावाच्या लहानग्याची गोष्ट आहे. त्याच्याकडे एक चिमुकला पक्षी होता, तो मेल्यावर प्रेषित (स.) त्याची प्रेमाने विचारपूस करत. पक्षी पाळल्याबद्दल रागावले नाहीत. यावरून अनेक उलेमांनी पाळण्याची मुभा काढली, आणि इब्नुल कास नावाच्या विद्वानाने तर या एका छोट्या हदीसमधून साठ मुद्दे काढून पुस्तक लिहिलं. पण त्याच संग्रहांत दुसरी गोष्टही आहे. मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची. तिने मांजरीला खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधायला मोकळंही सोडलं नाही, आणि त्यासाठी ती शिक्षेला पात्र ठरली. पहिली गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते, कारण तिच्यात परवानगी आहे. गोल भांड्यात एकटा टायगर बार्ब ठेवणाऱ्याने दुसरी वाचावी. त्या भांड्यातून मासा स्वतःचं काहीच शोधू शकत नाही. पाणीसुद्धा आपण देऊ तेच.

मशिदीत हौद असतो, त्यात कधी मासे असत. शेवाळ आणि अळ्या ते खात. आता बऱ्याच ठिकाणी हौद बुजवून तोट्या आल्या. तोटी स्वच्छ, हे मान्य. तरी एखाद्या मदरशात किंवा उर्दू-मराठी शाळेत तीन फुटांची टाकी, आठ टिक्टो, एक टीडीएस मीटर आणि नायट्रेटच्या पट्ट्यांची डबी ठेवायला किती खर्च येतो याचा मी हिशेब मांडला. जुनी टाकी मिळाली तर पाच हजारांत भागतं. सातवी-आठवीच्या मुलांनी आठवड्याला दोन आकडे वहीत लिहायचे, एक टाकीचा आणि एक आपल्या घरच्या पाण्याचा. वर्षाच्या शेवटी ती वही ग्रामपंचायतीत नेऊन ठेवायची आणि पोच घ्यायची. एका शाळेत मी हे सुचवलं तेव्हा तिथल्या सरांनी विचारलं, ‘आकडे वाईट निघाले तर?’ मी म्हटलं, त्यासाठीच तर पोच घ्यायची.

यंदा पाऊस लागला की पहिल्या पुरात टिक्टो ओढ्यांतून वर चढतील. ऑगस्टपर्यंत पिल्लं नखाएवढी होतात. टाकी मुरवायला महिना-दीड महिना लागतो, तेव्हा ज्यांना करायचं आहे त्यांनी स्पंजचा तुकडा आत्तापासून शोधायला हरकत नाही. माझ्या फिल्टरमधला निम्मा मी द्यायला तयार आहे.